वारसा आपला, राखणही आपली

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत सहल-गटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंचावर एखाद्या विद्वानाचं व्याख्यान होतं. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला उभं केलं आहे. आम्ही विद्वान नाही. आम्ही मंडळाच्या सहल-गटातली माणसं. बहुतेक निवृत्त, गुडघे कुरकुरणारे. पण बस ठरली म्हटलं की पहाटे पाचला दशम्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन नाक्यावर हजर. देवदर्शनाच्या सहली मंडळात पहिल्यापासून आहेत. त्यांच्या जोडीला गेली काही वर्षं आम्ही एक शिरस्ता पाळला: वर्षातून दोन-तीन वेळा एखादं ऐतिहासिक स्थळ किंवा वस्तुसंग्रहालय पाहायचं. शक्यतो जवळचं, सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असं. आणि कधीमधी एखादा मुक्काम.

या फिरण्यातून आमचं एक मत पक्कं होत गेलं. काहींना ते जुन्या वळणाचं वाटेल. सरकारनं मोजकी कामं हाती घ्यावीत आणि ती चोख करावीत. बाकीचं समाजावर सोडावं, आणि समाजानंही ते अंगावर घ्यावं. जुन्या वस्तू, जुने कागद, जुन्या वास्तू यांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. मत आधी ऐकून घ्या. नाही पटलं तर प्रसादाच्या वेळी भांडू.

सुरुवात घरापासून करतो. तापीकाठचा आपला किल्ला आपण किती वर्षं फक्त चौक बाजारात जाता-येता पाहिला! सोळाव्या शतकाच्या मध्याला, गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या काळात खुदावंद खानानं तो बांधला. महानगरपालिकेनं त्याचा जीर्णोद्धार करून आत दालनं मांडली, हे चांगलंच काम झालं. या किल्ल्याच्या भिंतीआड जानेवारी १६६४ मध्ये एक माणूस दडून बसला होता: सुरतेचा मोगल सुभेदार इनायत खान. शिवाजी महाराज शहराबाहेर येऊन थांबले, आणि हे साहेब शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात शिरले. इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे की बादशाही खजिन्यातून तो पाचशे शिपायांचा पगार उचलत असे. शिपाई मात्र कागदावर आणि पैसा त्याच्या खिशात. बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्यावर जकात होती. मोजायला कारकून होते, शिक्के होते, पावत्या होत्या. ज्या कामासाठी ही जकात घ्यायची, ते रक्षणाचं काम तेवढं नव्हतं.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. व्यापाऱ्यांना दिलासा म्हणून औरंगजेबानं त्यांची एक वर्षाची जकात माफ केली. शहराभोवती तटबंदी बांधायचा हुकूम दिला. तट उभा राहिला. आणि ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले, तेव्हा त्या नव्या तटावरचे रक्षक थोडाफार प्रतिकार करून किल्ल्याकडे पळाले. भिंत होती, पण भिंतीमागं उभी राहणारी माणसं नव्हती. ज्या नियमामागं नियम पाळणारा आणि पाळवून घेणारा माणूस नसतो, त्या नियमाची गत अशीच होते.

इथं एक नाजूक गोष्टही बोलून टाकतो. आपल्या घरात आपण याला ‘सुरतेची स्वारी’ म्हणतो. शेजारचे गुजराती बांधव ‘लूट’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नात जेवलेले आपण. या शब्दावरून आपल्यात कधी वितुष्ट आलं नाही. स्वराज्याला पैशाची गरज होती आणि मोगलांच्या नाकावर टिच्चून तो वसूल केला, हे खरं. ज्यांची घरं जळाली ते याच शहरातले लोक होते, हेही खरं. महाराजांनी फ्रेंच पाद्री फादर अँब्रोझ यांच्या मठाला हात लावला नाही आणि एका दिवंगत पण दानशूर दलालाचं घर सोडलं, हे बर्नियर या फ्रेंच प्रवाशानं नोंदवलं आहे. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन यानं वखार लढवली. पाच वर्षांनी, १६६९ मध्ये, तो इथंच वारला, आणि त्याची प्रचंड घुमटी कबर कतारगामच्या रस्त्यावरच्या इंग्रज कबरस्तानात आजही उभी आहे. या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवता आल्या पाहिजेत. संग्रहालयाचं काम तेवढंच: वस्तू दाखवा, तारीख सांगा, बाकी पाहणाऱ्यावर सोडा. इतिहासाला सरकारी प्रमाणपत्र लागू नये, मग सरकार कोणाचंही असो.

दुसरी सहल बारडोलीची. ताप्ती व्हॅली रेल्वेवरचं आपलं नेहमीचं स्टेशन. खानदेशात गावी जाताना आपण किती वेळा ते मागं टाकलं असेल. तिथला स्वराज आश्रम आणि सरदारांचं संग्रहालय मात्र आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी पहिल्यांदाच पाहिलं. १९२८ मधला तो सत्याग्रह कशासाठी होता? मुंबई सरकारनं तालुक्याचा शेतसारा एकदम २२ टक्क्यांनी वाढवला, एवढ्यासाठी. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: आधी नीट चौकशी करा, मग आकारणी करा. सरकारनं ऐकलं नाही. जप्तीवाले दारोदार फिरू लागले, तेव्हा लोकांनी दारांना कुलपं घातली आणि म्हशी महिनोन्‌महिने घरात कोंडून ठेवल्या. शेवटी सरकारला नमावं लागलं. मॅक्सवेल आणि ब्रूमफिल्ड या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ ठरली ती सहा टक्क्यांच्या आसपास. २२ आणि ६. हे दोन आकडे संग्रहालयात वाचले की लक्षात येतं, वल्लभभाई ‘सरदार’ का झाले. त्यांनी शेतकऱ्यांना सारा बुडवायला शिकवलं नाही. जे रास्त आहे तेवढंच देऊ, आणि रास्त काय ते हिशोबानं सिद्ध करा, एवढंच ते म्हणाले. आम्हाला ही शिस्त फार आवडली. कर भरणारा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा तो कायदा मोडत नसतो, कायद्याला जागं ठेवत असतो.

बारडोलीनंतर दांडी. नवसारीहून थोडक्या अंतरावर समुद्रकाठचं ते गाव. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेली पदयात्रा ५ एप्रिलला तिथं पोचली आणि ६ एप्रिलला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं. ३० जानेवारी २०१९ ला तिथं राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक खुलं झालं. पदयात्रींचे पुतळे रांगेत उभे आहेत. त्या यात्रेत आपले पंडित नारायणराव खरेही होते. विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि आश्रमातल्या प्रार्थनेचे गायक. आमच्यातल्या भजनी मंडळाच्या बायकांनी त्यांचं नाव सांगितल्यावर तिथंच हात जोडले.

दांडीला उभं राहिल्यावर एक साधा विचार मनात आला. समुद्र देवानं दिलेला, ऊन देवानं दिलेलं, मीठ आपोआप तयार होणारं. ते उचलणं हा गुन्हा! नियम जेव्हा इतका पुढं सरकतो की माणसानं स्वतःच्या दारातलं मीठ उचललं तरी तो गुन्हेगार ठरतो, तेव्हा तो नियम स्वतःचीच अब्रू घालवतो. मग लोक चांगले नियमही मानेनासे होतात.

किल्ला, बारडोली, दांडी. तिन्ही ठिकाणं आपल्या अंगणात. पहिलं सांगतं, सरकारनं आपलं मुख्य काम सोडू नये. दुसरं सांगतं, रास्त तेवढंच घ्यावं. तिसरं सांगतं, लोकांच्या स्वयंपाकघरात शिरू नये. राज्यशास्त्राचा आणखी वेगळा वर्ग काय लावायचा?

आता कोणी म्हणेल, मग सरकारनं काही करायचंच नाही का? तसं आम्ही म्हणत नाही, आणि म्हणूनच आम्ही बडोद्याला गेलो. आपल्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज गायकवाडी नोकरीत होते. कोणी नवसारी प्रांतात, कोणी सोनगड-व्याऱ्याकडे. सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालय १८९४ चं. तिथली इजिप्तची ममी आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून नातवंडं जी खिळून राहिली, ती आइस्क्रीमचं नाव काढल्यावरच हलली. राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. हे सगळं एका राजानं, म्हणजे सरकारनंच, उभं केलं. सयाजीराव महाराजांनी सक्तीही केली. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड केला.

या उदाहरणानं आमचं मत खोटं पडतं का? बसमध्ये परतताना यावर भरूचपर्यंत वाद झाला. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “महाराजांनी आधी शाळा बांधली, मास्तर नेमला, फी माफ केली, मग दंड लावला. आधी सोय, मग सक्ती.” वाद तिथंच मिटला. सरकारनं हा क्रम पाळला तर आमची तक्रार नाही. आज बरेचदा उलटं होतं: सोय नाही, माहिती नाही, माणूस नाही, नोटीस मात्र वेळेवर.

आता पुणे आणि धुळे. या दोन्ही सहली मुक्कामाच्या होत्या. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे लक्षावधी कागद इंग्रज सरकारनं ताब्यात घेतले आणि कुलपात ठेवले. जपले, हे मान्य करू. पण ज्यांचा इतिहास, त्यांच्याच अभ्यासकांना आत जायला कित्येक दशकं मज्जाव होता. अखेर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (तेही बडोद्याच्या नोकरीत आयुष्य घालवलेले) यांच्या हाती निवडीचं काम आलं आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तराचे ४५ खंड बाहेर पडले. दार उघडल्याबरोबर एका वृद्ध माणसानं एवढं काम उभं केलं. मग दार बंद होतं त्या काळात काय काय व्हायचं राहून गेलं असेल?

आणि दार बंद असताना लोक काय करत होते? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी फिरत होते. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांच्या कोनाड्यांतून, कुलकर्ण्यांच्या दप्तरांतून मोडी कागद गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढं २२ खंड झाले. त्यांना कोणी परवाना दिला नव्हता, पगार दिला नव्हता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकारानं निघालं. १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. आपल्या खानदेशी मंडळींनी धुळ्याला जाताना लग्नाच्या घाईत एक तास काढून ते संग्रहालय जरूर पाहावं. त्याच धुळ्यात शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर घराघरातले अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी जमवत आयुष्य वेचलं, गेलेल्या मुलाच्या नावानं ‘राजा केळकर संग्रहालय’ केलं, आणि वीस हजारांच्या घरातल्या वस्तूंचा तो ठेवा १९७५ मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला. क्रम पाहा. आधी माणूस, मग संस्था, शेवटी सरकार.

आता आजच्या काळात येऊ, कारण खरी काळजी आजची आहे.

आमच्यातल्याच एका घरातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरची पेटी भिजली. पेटीत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद, एक हस्तलिखित पोथी आणि पितळेची एक जुनी मूर्ती. मूर्ती पुसून देवघरात गेली. कागद वाळवले असते तर बरेचसे वाचले असते. पण घरातले वडीलधारे म्हणाले, “कोणाला दाखवू नका. सरकारला कळलं तर घेऊन जातील, वर चौकशी लागेल.” पूर ओसरल्यावर तो गठ्ठा तापीतच सोडला. त्यात काय होतं? कदाचित जमिनीचा साधा हिशोब. कदाचित आपली माणसं सुरतेत पहिल्यांदा कधी आणि का आली, याची हकीकत. आता कधीच कळणार नाही.

त्या वडीलधाऱ्यांची भीती अगदी निराधार होती का? कायदा काय आहे ते पाहू. पुरावस्तू व कलामूल्य वस्तूंचा कायदा १९७२ चा. तो १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू. महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठराविक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करायची. वस्तू दुसऱ्याला दिली तर कळवायचं. न केल्यास शिक्षा. हवी तर मोबदला देऊन ती वस्तू सक्तीनं संपादन करण्याचा अधिकारही केंद्र सरकारला आहे. कायद्याचा हेतू चांगला आहे. देवळातल्या मूर्ती चोरून परदेशात विकणाऱ्या टोळ्यांना आवर घालायलाच हवा, आणि देशाबाहेर जाणाऱ्या वस्तूंवर तर कडक पहारा हवाच. पण एक बघा. चोराला नोंदणीची फिकीर नसते. फिकीर असते ती सरळमार्गी गृहस्थाला. नोंदणी केल्यावर वस्तू आपल्याच मालकीची राहते आणि घरातले हिशोबाचे साधे कागद किंवा रोजची भांडी या यादीत येत नाहीत, ही गोष्ट त्याला कोणी नीट समजावून सांगितलेली नसते. त्याला कानावरून एवढंच माहीत असतं, की जुनी वस्तू म्हणजे भानगड. मग तो गप्प बसतो, भंगारात देतो, सोनाराकडे आटवतो, नाहीतर नदीत सोडतो. जपण्यासाठी केलेल्या कायद्याच्या नुसत्या धाकानं वस्तू नाहीशी होते.

वास्तूंचंही तसंच. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, आणि त्यापुढं आणखी २०० मीटर परवानगीशिवाय काही करायचं नाही, असा २०१० पासूनचा दंडक आहे. रानातल्या एकाकी लेण्याला तो शोभतो. पण दाट वस्तीतल्या गल्लीलाही तीच मोजपट्टी! कतारगामच्या कबरस्तानाभोवतीचं शहर आणि डोंगरमाथ्यावरचा एखादा किल्ला एकाच फूटपट्टीनं कसा मोजणार? ज्या घराला साध्या दुरुस्तीसाठीही परवानगीचा कागद लागतो, त्या घराला शेजारच्या स्मारकाचा अभिमान वाटायचा की जाच? स्मारकाला खरा पहारा शेजाऱ्यांचा असतो. शेजारी वैरी केला, तर चौकीदार एकटा काय करणार?

आमचा स्वतःचाही एक छोटा अनुभव आहे. एका संग्रहालयात काचेच्या पेटीत एक मोडी पत्र होतं. आमच्यातल्या एकांना मोडी वाचता येतं. त्याचा फोटो घेऊन घरी वाचतो म्हटलं, तर “अर्ज करा, तीन प्रती, मंजुरी आल्यावर या.” पत्राखाली चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलेलं फक्त ‘जुने पत्र’. वाचणारा माणूस दारात उभा आणि पत्र मुकं ते मुकंच.

आता दुसरी बाजू. मंडपासाठी आम्हालाही दरवर्षी पोलीस, वीज, अग्निशमन, महानगरपालिका असे खेटे घालावे लागतात आणि आम्ही कुरकुरतोही. पण अग्निशमनाच्या नियमावर आमच्यापैकी कोणी ब्र काढणार नाही. २४ मे २०१९ ला सरथाण्यातल्या तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ मुलं गेली. ते या शहरात राहणारा माणूस विसरू शकत नाही. तसंच १९९४ ची प्लेगची साथ आठवा. निम्मं शहर गाठोडी बांधून पळालं होतं. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव आले, अधिकारी सकाळी कचेरीत बसण्याऐवजी रस्त्यावर दिसू लागले, आणि एकेकाळी घाणीसाठी बदनाम असलेली सुरत स्वच्छतेसाठी नावाजली गेली. तिथं नियम नवे नव्हते. माणसं कामाला लागली होती. जीव वाचवणारा नियम कडक हवा, मोजका हवा, आणि रावापासून रंकापर्यंत सारखा लागू हवा. आमचा विरोध नियमाला नाही. आमचा विरोध आहे तो माणसावर संशय धरून केलेल्या आणि मग कोणीच न पाळलेल्या नियमांच्या ढिगाऱ्याला.

तेव्हा सरकारकडे आमचं मागणं थोडकं आहे. घरात जुनी वस्तू असेल तर काय करावं, हे गुजरातीत आणि मराठीत एका पानावर सोप्या शब्दांत सांगा. जो आपणहून वस्तू दाखवायला येईल त्याला आधी ती जपायचं तंत्र शिकवा, फॉर्म नंतर पुढं करा. छोट्या संस्थांना परवानगी द्यायची की नाही ते ठराविक मुदतीत सांगा. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण ताटकळत ठेवू नका. आणि जी स्मारकं, जी संग्रहालयं तुमच्या ताब्यात आहेत, त्यांचं छप्पर गळू देऊ नका, दिवे चालू ठेवा, आणि माहिती सांगणारा एक माणूस तिथं नेमा. एवढं झालं तर आम्ही आनंदानं तिकीट काढू.

पण मागणी करून घरी जायचं, हे आपल्या पूर्वजांना शोभणारं नाही. दुसऱ्याला मोजकी कामं सांगायची, तर उरलेलं स्वतः करावं लागतं. म्हणून मंडळापुढं आमचे तीन प्रस्ताव आहेत.

पहिला, घरोघरची वही. प्रत्येक कुटुंबानं आपल्याकडच्या जुन्या वस्तूंची यादी करायची: वस्तू काय, कोणाकडून आली, अंदाजे केव्हाची, तिच्याबद्दल घरात काय सांगतात. वस्तू मंडळाला द्यायची नाही. ती घरातच राहील. फक्त तिची गोष्ट लिहून ठेवायची. पूजेतला ताम्हन, आजीची नथ, गिरणीतला किंवा रेल्वेतला बिल्ला, गायकवाडी सनद, लग्नाचा जुना फोटो, सगळं चालेल. ऐंशी पार केलेली मंडळी अजून आपल्यात आहेत, तोवर हे होऊ द्या. पुढच्या गणपतीला निम्म्या गोष्टी सांगणारं कोणी उरलेलं नसेल.

दुसरा, मोडीचा वर्ग. रविवारी सकाळी दोन तास. शिकवायला एक जण तयार आहेत. त्यांना फी नको, फक्त वेळेवर या आणि वही आणा, एवढीच त्यांची अट. आपल्या पेट्यांमधले कागद आपल्यालाच वाचता येऊ लागले, तर ते नदीत सोडायची वेळ कोणावर येणार नाही.

तिसरा, तरुणांची सहल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातला साल्हेर आपल्याला सगळ्यांत जवळचा. डांगच्या पलीकडं, बागलाणात. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर. १६७० मध्ये सुरतेहून परतताना महाराज त्याच बागलाणातून गेले होते. आमचे गुडघे काही तो चढू देणार नाहीत. पोरांनी जावं. जाताना पाणी आणि एक रिकामं पोतं न्यावं, आणि वाटेवरचा प्लॅस्टिकचा कचरा खाली आणावा. महाराष्ट्रातली कितीतरी दुर्गप्रेमी मंडळं टाक्यांमधला गाळ काढतात, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करतात. युनेस्कोची पाटी लागली म्हणून हे काम संपत नाही. उलट पाहायला येणारे वाढतात, तसं ते वाढतं. रीतसर विचारून, जाणकारांच्या सांगण्याप्रमाणे, दगडाला इजा न करता हे करता येतं.

आपण सुरतेत आलो तेव्हा आपल्यासाठी कोणी योजना काढली नव्हती. कोणी गिरणीत लागलं, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत. चार घरांनी मिळून भाड्याच्या खोलीत गणपती बसवला. वर्गणी चार आण्यांची, आरास घरच्या साड्यांची. त्यातून हे मंडळ उभं राहिलं. आपल्या मंडळाचा जन्मच मुळी ‘आधी माणूस, मग संस्था’ या क्रमानं झालेला आहे. तोच क्रम आपल्या वारशालाही लावू या.

सभागृहाच्या दाराशी मेजावर घरोघरच्या वहीचे कोरे कागद ठेवले आहेत. जाताना एकेक उचला. अनंत चतुर्दशीच्या आत भरून आणा. विघ्नहर्ता आपल्या घरांचं आणि त्या घरांतल्या आठवणींचं रक्षण करो. पण पेटी उघडून कागदांना ऊन दाखवायचं काम मात्र आपलंच आहे.

गणपती बाप्पा मोरया!